लुगडं नेसलेला पेरू

राहात्याकडच्या कारभारीच्या मळ्यातला पेरू लुगडं नेसे. राघू आणि दृष्ट, दोन्हींपासून राखण व्हावी म्हणून त्याने बायकोची, गोजरबाईची, जुनी लुगडी झाडावर अशी गुंडाळली होती की वाटेने जाणारी पोक्त माणसं नजर खाली घालून जात. वाऱ्याने पदर सरकला तर कारभारी हातातलं काम टाकून तो सावरायला धावे. गोजरबाईचं म्हणणं, ती लुगडी तिच्या अंगावर होती तेव्हा नवऱ्याचं त्यांच्याकडे एवढं लक्ष कधी गेलं नव्हतं.

फळं मात्र बिनडागाची, लोण्यासारखी. तालुक्याच्या फळप्रदर्शनात पहिला नंबर दरसाल त्याचा. आणि ज्या जावयाचा पहिला नंबर, त्याला चैत्रातल्या जत्रेला सासरा पहिल्या पाटावर बसवी. दुसऱ्या पाटावर साडू, गहिनीनाथ. कारभारी वर्षभर जगे तो त्या पाटासाठी.

एकाहत्तर साली परीक्षक म्हणून शेतकी कॉलेजातले एक सर आले. फळाच्या रूपाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. निळ्या औषधात रसाचे थेंब सोडू लागले. ज्याच्या थोड्या थेंबांत निळा रंग जाईल, त्यात सी जीवनसत्त्व जास्त. गहिनीनाथाच्या उन्हाने रापलेल्या, राघूने टोचलेल्या पेरूने रंग चटकन घालवला. कारभारीचा रस पडतच राहिला आणि निळं निळंच राहिलं.

सरांनी समजावलं की उन्हाचा मारा सोसायला झाडाला हे जीवनसत्त्व लागतं. ऊन वाढलं की झाड ते वाढवतं, सावली मिळाली की हात आखडता घेतं.

"म्हंजी आमचं झाड कामचुकार?"

"झाड हिशेबी आहे. लाड तुम्ही केलेत."

कारभारीने हे फारच मनावर घेतलं. घरी येऊन त्याने पेरूचं लुगडं फेडलं आणि स्वतःचं मुंडासंही. भर दुपारी अंगणात बाज टाकून पडू लागला.

जत्रेला गहिनीनाथ मांडवात पहिल्या पाटावर बसला. कारभारीने दुसरा पाट उचलला आणि उघड्या डोक्याने उन्हात जाऊन बसला.

"जावईबापू, सावलीला या. लई ऊन हाय," सासू कळवळली.

"सावलीत मानूस फिकं पडतं, मामी."

जावयाला घेरी आली तर गावात तोंड कुठे दाखवायचं, म्हणून तिने पहिली पुरणपोळी घाईने त्यालाच वाढली, वर तूपही. पहिल्या पाटावरचा गहिनीनाथ आपल्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिला.

पुढच्या जत्रेला नंबर कोणाचा, हे कोणी विचारलंच नाही. दोघे साडू बोडक्या डोक्यांनी उन्हात शेजारी शेजारी घाम पुसत बसले होते. मांडवातल्या पहिल्या पाटावर सासऱ्याचं मांजर बसलं होतं, आणि त्याला उठवावं असं कोणालाच वाटत नव्हतं.