कळंबच्या वाळूतली मोकळी पट्टी

"मॅडम, इथे कोणी नाही. म्हणजे जागा सरकारची." मोजणीला आलेले सरकारी साहेब छत्री सावरत म्हणाले.

ऐन श्रावण. कळंबच्या किनाऱ्यावर खरंच चिटपाखरू नव्हतं. तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं चाललं होतं. साहेबांनी 'पडीक, विनावापर' असा शेरा मारूनही टाकला होता.

मी खासगी सर्व्हेअर, राहणार वटार. मला मासेवाल्या बायांनी बोलावलं होतं. त्या वाळूत त्या मासळी सुकवतात. बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि त्यांवर बोंबील टांगायचे. याला वलांडी म्हणतात. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून बांबूही काढून घरात ठेवतात, नाहीतर कुजतात. ही वाळू गेली की बायांचा धंदाच संपला.

"साहेब, मे महिन्यात शाळेत जाऊन 'इथे मुलंच नाहीत' असं लिहाल का?"

"कायदा वाचा. जी कोणाची नाही, ती सरकारची."

माझं डोकंच सणकलं. "वसईचा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला, मग पेशव्यांनी, मग इंग्रजांनी. जो जिंकेल तो मालक! जिंकणं हाच हक्क, तर इंग्रजांना घालवलं कशाला? ही माणसं इथली, म्हणून ही भूमी आपल्या देशाची. आणि त्याच माणसांना सांगता, वाळू तुमची नाही?"

"मॅडम, मोजणीचं बोला."

"मग मोसमात येऊन मोजा!"

मी लेखी हरकत घेतली आणि दिवाळीनंतर साहेबांना परत यायला लावलं. तेव्हा जिकडेतिकडे बोंबीलच बोंबील. साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात मधोमध एक लांब पट्टी मोकळी दिसली आणि गडी खुलला.

"ही बघा! निदान एवढी तरी आमची," म्हणत त्यांनी आत पाय टाकला.

"ओ सायब, मागं व्हा!" बायांची म्होरकी जनाबाय कडाडली. "ती सुमनची जागा हाय. नवरा गेला तिचा. या मोसमात ती वलांडी लावनार नाय."

"मग तुम्ही लावा की."

"आमी कोन लावनार? तिची हाय ती!"

खरं सांगते, ही रीत मलाही माहीत नव्हती. घरात मयत झाली की त्या घरची पट्टी मोसमभर तशीच ठेवायची. जनाबायचा निम्मा माल जागा नाही म्हणून घराच्या पत्र्यावर वाळत होता. पण सुमनच्या पट्टीत तिने एक बांबू रोवला नव्हता.

"साहेब, किल्ल्याला तट लागला, बुरूज लागले," मी म्हटलं. "इथे साधी दोरी नाही, तरी कोणी आत येत नाही. सरकारकडे याहून पक्का हक्क असेल तर दाखवा."

बाया पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या, हटल्या नाहीत. शेवटी साहेब पट्टीबाहेर आले आणि शेरा खोडून लिहिलं, 'सुकवणीची जागा, वापरात'. मोकळी पट्टीही त्यातच मोजली. पार्किंग रस्त्यापलीकडे सरकलं.

मोजणीला गेले की मी अजूनही कागद बघतेच, पोट त्यावरच आहे. पण त्याआधी बघते, मालक नसताना शेजारी त्या जागेत पाय टाकतो का. देशांच्या सीमा आखणाऱ्यांनीही हे एकदा करून बघावं.