स्टेप चुकली

माझ्या नवऱ्याला जुन्या ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूड म्युझिकल्सचं वेड. वेड मलाही होतं. त्यातली हिरो-हिरोइनची जोडी एका श्वासात नाचायची. रविवारी दुपारी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या किचनमध्ये तो मला तसंच नाचवायचा. ठेका चुकला की मेला मनगट पिरगाळायचा आणि वर म्हणायचा, "हस! हिरोइन बघ कशी हसते." एकदा मनगट मोडलं. हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, त्यानेच हसत सांगितलं, "नाचताना स्टेप चुकली तिची."

प्लास्टर निघालं त्याच रविवारी त्याने पुन्हा गाणं लावलं. मी हील्स घातल्या, झकास गिरकी घेतली आणि टाच त्याच्या पावलावर जीव खाऊन हाणली. हाड मोडल्याचा आवाज गाण्यातही ऐकू आला.

ए अँड ईमध्ये नर्सने विचारलं, काय झालं? मी हिरोइनसारखी हसले. "नाचताना स्टेप चुकली त्याची."