बटण सोडल्यानंतर

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सुरुवात केली होती एक-दोनदा — मग चहाचं विचारलं, विषय बदलला. तुम्ही समीरला ओळखत नाही, मुग्धाला ओळखत नाही. म्हणून जमेल, कदाचित.

मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला राहतो. बिघडलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डमधला दोष शोधणं हीच माझी नोकरी. समीर माझा पुण्यातल्या कॉलेजचा मित्र. इथे आमच्या मागच्याच गल्लीत घर घेतलं त्याने. मुग्धा त्याची बायको, ईरा मुलगी — तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. मराठी सगळं कळायचं तिला, पण तोंडातून यायचं ते डच.

समीरने सिगारेट सोडली ती व्हेपच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या आधाराने. त्याचा व्हेप जरा भारीतला होता, तापमान सांभाळणारा. आतली कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स बदलतो, बोर्ड तो मोजतं आणि वीज कमी-जास्त करतं. तेच बोर्ड बिघडलं होतं. स्क्रीनवरचा आकडा उड्या मारायचा, मधूनच घशात जळका धूर जायचा. मुग्धाचं म्हणणं सरळ होतं — टाकून दे, नवा घे. पण एका रविवारी दुपारी दोघं ईराला घेऊन आमच्याकडे जेवायला आले आणि समीरने तो माझ्यासमोर ठेवला.

"नवा कशाला? हा बसलाय ना," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "याच्याकडून बोर्ड मेलेलं परत जात नाही."

मला ते आवडलं. किती आवडलं, हे सांगायचीच लाज वाटते.

उघडला. कॉइलला टेकणाऱ्या पिनेचं सोल्डर तडकलं होतं — लगेच सापडलं. डाग दिला, आकडा स्थिर झाला. समीरने टाळी वाजवली. तिथेच थांबलो असतो तर? पण सवयीने मल्टिमीटर लावून बटण दाबून-सोडून पाहिलं. सोडलं की व्होल्टेज शून्यावर यायला हवं. आलं. परत आलं. आणि मग एकदा — नाही आलं. बोट काढलेलं होतं आणि कॉइलला वीज जातच होती. क्षणभरच. मग थांबली.

कॉइलची वीज चालू-बंद करणारा बोर्डवरचा छोटा स्विच — मॉसफेट — आतून निकामी होत चालला होता. असा स्विच एकदा पूर्ण चिकटला की बटणाला कुणी हात न लावताही कॉइल तापत राहते. हे मला माहीत होतं. "वाटलं" नव्हे — माहीत होतं. बदली पार्ट घरात नव्हता. "आज नाही होणार, वापरू नकोस" — एवढंच म्हणायचं होतं. कठीण होतं का?

"झालं का रे?" समीरने विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "नव्यासारखा."

पुढच्याच आठवड्यात मी बाजाराला निघालो होतो आणि समीर ईराला पोहण्याच्या क्लासला सोडायला. ती त्याच्या सायकलवर मागे, मी शेजारी. अचानक ती ओरडली, "रोक! रोक!" मला वाटलं हिंदीत थांब म्हणतेय. डचमध्ये रोक म्हणजे धूर. समीरच्या पँटच्या खिशातून तो निघत होता. मी ईराला उचलून बाजूला घेतलं. समीर सायकल टाकून गवतावर पडला, खिशात हात घालून ती वस्तू ओढून काढत होता, आणि त्याचा आवाज — तो मी लिहू शकत नाही.

मांडी खोलवर भाजली, उजव्या हाताची बोटंही. दुसरीकडची कातडी काढून मांडीवर लावावी लागली.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मुग्धा भिंतीला टेकून उभी होती. व्हेपची जुनी बॅटरी उतरायला लागली म्हणून तिनेच दोन दिवसांपूर्वी बाजारातल्या स्टॉलवरून नवी आणली होती. "स्वस्त मिळाली म्हणून घेतली रे मी," ती म्हणाली. "तू यातला माणूस आहेस. बॅटरीच होती ना?"

विचार करायला वेळ होता मला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"हो," मी म्हणालो. "असल्या बॅटऱ्यांचा भरवसा नसतो."

गप्प राहिलो असतो तरी तो भित्रेपणा झाला असता. मी गप्प नाही राहिलो.

समीर घरी आल्यावर त्याने तो जळका व्हेप माझ्याकडे दिला — बघ, आणखी काही कळतं का. घरी आणून मी तो मोजला. बॅटरीची बाजू काळी पडली होती, पण स्विचचा तुकडा शाबूत होता. मल्टिमीटर लावल्याबरोबर वाजला: आरपार शॉर्ट, स्विच पूर्ण चिकटलेला. म्हणजे खात्रीही झाली. मग मी ते बोर्ड पक्कडीने मोडलं आणि गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर, इलेक्ट्रॉनिक्सच्या पिंजऱ्यात टाकून आलो. समीरला सांगितलं, जळून कोळसा झालंय, काही कळत नाही.

समीर आता चालतो नीट, पण मांडी घालून बसता येत नाही. वाद झाला की अजून त्याच्या तोंडून निघतं, "तुझी ती बॅटरी." मुग्धा उठून आत जाते. माझ्यासमोर झालंय हे. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी. मी पुन्हा भात वाढला आहे तेव्हा.

आणि ती हल्ली विजेची कुठलीही वस्तू मला विचारल्याशिवाय घेत नाही. परवा दुकानातून हीटरचा फोटो पाठवला — ईराच्या खोलीसाठी. "घेऊ का रे? सेफ आहे ना? तू सांगितलंस तरच घेते."

मी मॉडेल बघितलं, माहिती वाचली, आणि लिहिलं, "घे. चांगला आहे."

तिने जोडलेले हात पाठवले.