अप्पांनी खाल्लेला (किंवा न खाल्लेला) गोल

माझे सासरे एके काळी चेन्नईजवळच्या अंबत्तूरमधले सर्वोत्तम गोलकीपर होते, असं माझ्या सासऱ्यांचं मत आहे.

या मताला घरात एकच विरोधक होता. दुर्दैवाने तो माझ्या सासूबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे सेतूमामा, निघाला. अप्पा (म्हणजे सासरे) तरुणपणी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथल्या कारखान्यांची आपापसात फुटबॉल स्पर्धा व्हायची. एका वर्षी अप्पांचा संघ फायनलला गेला आणि नेमका रेफरी आलाच नाही. मग शिट्टी कुणाच्या हातात दिली? सेतूमामांच्या! शेवटच्या मिनिटाला चेंडू क्रॉसबारवर आपटून खाली पडला आणि अप्पांनी झडप घालून तो पोटाशी धरला. चेंडू रेषेच्या अलीकडे पडला, असं अप्पा म्हणतात. पलीकडे पडला, असं मामांनी शिट्टी फुंकून सांगितलं. चषक गेला!

अप्पांनी आयुष्यात शेकडो गोल अडवले असतील, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एक. मामांनी पुढे कितीतरी सामने खेळवले, पण त्यांची ओळख राहिली 'बहिणीच्या नवऱ्याला बुडवणारा रेफरी' हीच. दोघांचीही अख्खी कारकीर्द त्या एका रेषेवर अडकून बसली होती आणि दोघंही तिला तीस वर्षं आपापल्या बाजूला ओढत होते.

मी कोल्हापूरचा. पेठेत वाढलेला. फुटबॉल माझ्या रक्तातच होता (पायात तो कधी उतरला नाही, ही गोष्ट मी सासरी सांगितली नव्हती). नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. सासरची मंडळी मूळची तंजावरकडची मराठी. शब्द आपले, चाल तमिळ. भांडण पेटलं की मला निम्मंच कळायचं, पण तेवढं पुरत असे.

माझ्या मेहुणीचं, गिरिजाचं, लग्न ठरलं. आडी महिना (तमिळ आषाढ, त्यात लग्नं होत नाहीत) सरला की मुहूर्त होता. पाहुण्यांची जेवणं ठरवायला मामा आले होते आणि टीव्हीवर नुकत्याच झालेल्या विश्वचषकाच्या फायनलची उजळणी चालू होती. रेफरीच्या एका निर्णयावर समालोचकांनी कुरकुर केली. मामा कॉफीचा घोट घेत सहज म्हणाले, "काय म्हणा पा, रेफरी बोलला की संपलं."

अप्पांनी हातातला कॉफीचा डबरा खाली ठेवला. "संपलं? तीस वर्षं जाली, माझं अजून संपलं नाही!"

"भावोजी, मी त्या फायनलचं बोललो नाही."

"तू दुसरं कधी बोललास?"

"मग ऐका. बॉल आत होता."

"बाहेर होता!"

"आत!"

"अय्यो, तुझे डोळे कुठे होते रे? बॉलवर की समोरच्या टीमने दिलेल्या वड्यांवर?"

वड्यांचा उल्लेख नवीन होता. मामा उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "सेरी, बरं तर. आंधळा मामा लग्नाला कशाला? मी येत नाही." आणि गेले!

सासूबाईंनी तिथेच डोळ्यांना पदर लावला. "मामा नाही तर मुलीला मांडवात कोण आणणार हो?" गिरिजा आत जाऊन रडू लागली. अप्पा भिंतीकडे बघून म्हणाले, "बॉल बाहेर होता," पण आवाजात दम नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करायला जातो, हा माझा जुना आजार.

"मी सोडवतो हे," मी बायकोला, सुधाला, म्हणालो.

"अहो, तुम्ही मध्ये पडू नका."

"अगं, रोज हेच काम करतो मी. दोष कुठे शिरला, ते पुन्हा घडवून बघायचं. साधी गोष्ट आहे! आणि शिवाय मी कोल्हापूरचा."

सुधाने कपाळाला हात लावला. तो इशारा मी आशीर्वाद समजलो.

बेत असा: त्याच मैदानावर, त्याच क्रॉसबारखाली, तोच गोल पुन्हा घडवायचा. दोघांना वेगवेगळं गाठून मी सांगितलं, की समोरच्याला आता स्वतःचीच शंका येऊ लागली आहे. (थाप होती. पण विज्ञानासाठी!) रविवारी सकाळी दोघंही विजयी मुद्रेने हजर झाले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

मैदानावरची रेषा कधीच पुसली गेली होती. सासूबाईंनी कोलमचं, म्हणजे त्यांच्याकडच्या रांगोळीचं, पीठ आणलं होतं; त्यांनी खांबापासून खांबापर्यंत अशी सरळ रेघ ओढली, की आमच्या कारखान्यातलं यंत्र लाजावं. मग राहवलं नाही म्हणून टोकाला एक कमळ काढलं.

अप्पांचे गुडघे दुखत असल्यामुळे गोलकीपर मी. चेंडू मारायला होणारा नवरदेव मुरली. सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये असलेला, कुणी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा मुलगा. त्याला मी समजावलं, "हे बघा मुरली, क्रॉसबारला लागून खाली पडला पाहिजे. हळू मारा, घाबरू नका. मी आहे."

"सेरी अण्णा," मुरली म्हणाला आणि मागे मागे जाऊ लागला. बराच मागे गेला.

"तो इतका लांब का चाललाय?" मी गिरिजाला विचारलं.

"कॉलेजच्या टीमचा कॅप्टन होता ना तो," गिरिजा लाजत म्हणाली. ही माहिती तिने याआधी कुणालाच दिली नव्हती!

त्यानंतर मला फक्त एक आवाज आठवतो. चेंडू क्रॉसबारच्या वाटेला गेलाच नाही, तो थेट माझ्या पोटात आला. मी तो घट्ट पकडला (हे कृपया लक्षात घ्या), पण चेंडू थांबायला तयार नव्हता आणि त्याने मला सोबत नेलं. मी रेषा ओलांडली, कमळ ओलांडलं, एक उलटी कोलांटी खाल्ली आणि मागच्या जुन्या जाळीत पाय वर करून अडकलो. मनगट कुठेतरी वाटेत मुरगळलं. सासूबाईंची रेघ मैदानावरून नाहीशी झाली होती आणि माझ्या पँटवर उमटली होती.

मामांची शिट्टी वाजली. "गोल!"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा दोन पावलं पुढे आले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "गोलच! शंकाच नक्को."

मग ते सावकाश मामांकडे वळले. "सेतू, खरं सांग. मी असा पडलो होतो?"

"छे छे, भावोजी! असं कोण पडतं? तुम्ही उडी मारलात तेव्हा माझी शिट्टी तोंडातच राहिली होती, माहीत आहे? मी फुंकायलाच विसरलो दोन क्षण."

"हे कधी बोलला नाहीस रे."

"तुम्ही बोलू दिलात तर ना!"

अप्पांचे डोळे भरून आले. "तुझी शिट्टी अजून अगदी वेळेवर वाजते हो, सेतू," असं म्हणून त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघं बोलत बोलत कॉफीच्या शोधात निघून गेले. सासूबाई आनंदाने रडत त्यांच्या मागे गेल्या. मी जाळीतच होतो. शेवटी मुरलीने मला सोडवलं आणि सुधाने माझ्या पँटवरचं पीठ झटकलं, जरा जोरातच.

लग्नात मामांनी गिरिजाला मांडवात आणलं, तेव्हा अप्पांनीच त्यांच्यासाठी वाट मोकळी केली. मी पहिल्या रांगेत, मनगट बांधून. दोघं मेहुणे जोडीने पाहुण्यांना माझ्याकडे घेऊन येत होते. गोष्ट मामा सुरू करत, कोलांटी अप्पा करून दाखवत. (गुडघे तोपर्यंत बरे झाले होते!)

जेवणं झाल्यावर मी धीर करून विचारलं, "अप्पा, माझं एवढं झालं ते झालं, पण तुमच्या त्या फायनलचा निकाल काय लागला? चेंडू आत होता की बाहेर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अप्पांनी माझ्या बऱ्या हातावर प्रेमाने थोपटलं.

"ते राहू द्या हो जांवई. दोन मोठ्या खेळाडूंबद्दल लोकांत मतभेद असतातच. तुमचं बरं आहे. तुमच्याबद्दल कुणाचाच मतभेद नाही!"