न उचललेला फोन

आईचे चार-दोन दिवसच उरलेत, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी बेंगळुरूत होते आणि ती बेळगावात, दादाच्या घरी. आमच्या सरकारी प्रयोगशाळेत एका उपकरणाची महिनाभराची चाचणी शीतकक्षात चालली होती. तिथं इंटरनेटला बंदी, म्हणून यंत्राला फोनलाइन आणि तिच्यावरून आकडे पाठवणारा जुनाट मोडेम. साहेबांनी रजा दिली, पण बेळगावहून डायल करून दर चार तासांनी तापमान बघायचं या अटीवर. एवढा राग आला होता, पण भांडायलाही वेळ नव्हता.

मोडेमला आज्ञा दिली, तीन रिंग झाल्या की आपण होऊन फोन उचल. मोबाइलवरून लावून पाहिलं, उचलला. ही आज्ञा कायमची साठवायची तर आणखी एक ओळ टाइप करावी लागते, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जातं. माझं मेलीचं लक्ष बसच्या वेळेकडे. ती ओळ राहिली.

दीड दिवस सगळं ठीक चाललं. आईशेजारी बसायचं, मध्येच उठून दादाच्या लँडलाइनवरून लॅपटॉपनं डायल करायचं, आकडे बघून परत यायचं. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवशी दुपारी मात्र रिंग नुसती वाजत राहिली. दहा वेळा लावलं, वीस वेळा लावलं.

शेवटी आमच्या शिपाई अण्णांना घरी फोन केला. ते म्हणाले, सगळी यंत्रं पुसली, गंध-कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, कोहळा फोडला आणि खोलीला कुलूप लावून सगळे गेले. मोडेम बंद केला होता का, असं विचारलं. हो, पुसण्याआधी बंद करून मग परत चालू केला, तुम्हीच दरवर्षी बजावता ना मॅडम, म्हणाले. खरंच होतं. ओल्या फडक्याच्या भीतीनं मीच पंधरा वर्षं त्यांच्या मागे लागले होते. मोडेम बंद झाला तेव्हाच न साठवलेली आज्ञा पुसली गेली होती. त्यांना काय बोलणार, कपाळ माझं.

खोली उघडायची परवानगी दोघांनाच, मला आणि साहेबांना. पूजेपुरती ती साहेबांनी उघडून दिली होती आणि तिथूनच ते सुट्टीला परदेशी निघाले होते. विमानतळावरून फोनवर म्हणाले, तुम्हालाच जावं लागेल.

आईनं माझं मनगट धरलं होतं. "जाऊ नकोस गं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "उद्या रात्रीपर्यंत येते, आई." बोटं सोडवताना जोर लावावा लागला. तेवढी ताकद होती तिच्यात अजून.

सकाळी पोचले. हार बाजूला करून दोन ओळी टाइप केल्या, मिनिटभराचंही काम नव्हतं. रात्रभराचे आकडे काढून बघितले. तापमान जराही हललं नव्हतं. मी आले नसते तरी काही बिघडलं नसतं. तिथंच खुर्चीत बसून मी मोठ्यानं रडले.

आई पहाटेच गेली होती. दादानं सगळं नंतर सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, आली का ती? दादा हो म्हणाला आणि वहिनीचा हात तिच्या हातात दिला. तिनं तो घट्ट धरला. माझा समजून.