खंडेनवमीला मी टूलबार पुसला

स्वच्छता हा माझा आजार आहे असं आई म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. दुसऱ्याच्या घरी गेले तरी माझं बोट आपोआप फ्रिजच्या डोक्यावर फिरतं, धूळ बघायला. त्यामुळे पनवेलजवळच्या एका कंटेनर यार्डात मला क्लार्कची नोकरी लागली आणि पहिलीच खंडेनवमी आली, तेव्हा ऑफिसच्या साफसफाईचं काम कोणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. मीच अंगावर ओढून घेतलं.

यार्डात दसऱ्याची धमाल मोठी. खंडेनवमीला जो तो आपापलं हत्यार धुऊनपुसून पूजेला लावणार. क्रेनवाला क्रेनला हार घालणार, वजनकाट्यावरचा माणूस काट्याला कुंकू लावणार आणि आम्ही ऑफिसवाले आमच्या कॉम्प्युटरना. एकदा हळदकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. साहेबांचे नियम लोक मोडायचे, हा मोडायची कोणाची छाती नव्हती.

ऑफिसात टेबलं दोनच. एकावर मी, पत्रं आणि फायली. दुसऱ्यावर काका. काका उरणचे कोळी, रोज एसटीनं यायचे. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत उभा आहे, कधी आला, कधी जायचा, ही यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवायची, हे त्यांचं काम. गेटवर ड्रायव्हरनं नंबर सांगितला रे सांगितला की काका आतून रांग सांगायचे. तेवढ्या चपळाईनं ते मला आजही जमत नाही. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘बाय’ करून टाकलं. डब्यात सुका जवळा असला की अर्धा माझ्या पुढ्यात सरकवायचे. मी शाकाहारी घरातली, नाक मुरडायचे. तिसऱ्या महिन्यात मीच विचारायला लागले, काका, आज जवळा नाही का?

त्या वर्षी काकांच्या खुर्चीवर गदा आली होती. नवे साहेब आले होते आणि त्यांना काका फार जुने वाटत होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः शेजारी बसून बघणार होते, यादीचं काम काकांना धड येतं की नाही. आलं तर खुर्ची राहणार. नाही तर गेटवर, आठ तास उभं राहून गाड्यांचे नंबर टिपायचे. काकांचा उजवा गुडघा कामातून गेलेला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गेटवर जायचं म्हणजे नोकरी सोडायचीच. हे सगळं मला पक्कं माहीत होतं. मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते माहीत असून केलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काका गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. मला रान मोकळं. पंखे पुसले, कपाटाच्या मागून दोन उंदरांची बिळं शोधून बुजवली, काकांचा कीबोर्ड उलटा करून झटकला तर त्यातून मूठभर चण्याची सालं निघाली. मग कॉम्प्युटर चालतोय ना म्हणून सुरू केला आणि स्प्रेडशीट उघडली. यार्डात कुठलीच गोष्ट फेकत नाहीत, त्यामुळे ती आवृत्तीही जुनी, वरती बटणांची लांब पट्टी, म्हणजे टूलबार, असलेली. माझ्या कॉम्प्युटरवर ती पट्टी शहाण्यासारखी होती. फ्लॉपी, प्रिंटर, कात्री. काकांच्या पट्टीवर भलतंच. ठिपक्या-ठिपक्यांची वेडीवाकडी चित्रं, निळी, तपकिरी. एक हुकासारखं काहीतरी, एक चौकड्या-चौकड्यांचं, एकात नुसते दोन ठिगळं लावल्यासारखे डाग.

मला वाटलं, आधीच्या कोणीतरी केलेला पोरखेळ असणार आणि बिचारे काका संकोचापोटी चालवून घेत असणार. तीन दिवसांनी साहेब शेजारी बसणार आणि हे ध्यान बघणार? मी कस्टमाइझमध्ये गेले आणि रीसेट दाबलं. या पट्टीत केलेले बदल नक्की काढायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. विचारलं होतं हो त्यानं, उगाच त्याला दोष नको. मी ओके दाबलं. पट्टी लख्ख झाली, घासलेल्या पितळेच्या डब्यासारखी. मग मी सगळं पद्धतशीर बंद केलं. पुढे एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की त्या क्षणी नुसती वायर उपटली असती तरी जुनी पट्टी वाचली असती. पण मी आणि वायर उपटणार? शक्यच नाही.

खंडेनवमीला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, पिशवीत झेंडू घेऊन. पूजेआधी यादीवर एक नजर टाकावी म्हणून टेबलाशी बसले. मी पाठमोरी उभी राहून झेंडूचा हार ओवत होते आणि शाबासकीची वाट बघत होते. शाबासकी काही येईना. वळून बघितलं तर काकांचा हात माऊसवर होता, तो पट्टीच्या डाव्या टोकाकडे जायचा, थबकायचा, परत यायचा. पुन्हा जायचा. पंखा जोरात फिरत होता तरी कपाळ घामानं डबडबलेलं.

“बाय,” ते म्हणाले, “माजी होडी कुठं गेली?”

मी सांगितलं काय केलं ते. ते रागावले नाहीत. उठून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग बापाबरोबर समुद्रावर. इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखता येत होते, कंटेनरचे नंबर त्यावर निभत होते, पण मेन्यूतला एकही शब्द कळत नव्हता. खूप वर्षांपूर्वी माझ्या जागेवर असलेल्या क्लार्कनं त्यांना एकेक बटण काय करतं ते समजावलं आणि बटणावरचं चित्र आपल्याला हवं तसं काढता येतं, हेही दाखवलं. काकांनी मग अकरा चित्रं काढली आणि त्यांच्यावर नोकरी केली. यार्डात हे कोणालाही ठाऊक नव्हतं. घरीसुद्धा नाही.

मला इतकी शरम वाटली की मी त्यांच्यावरच भडकले. इतके महिने शेजारी बसते, मला सांगायला काय झालं होतं, डोक्यावर पाटी लावून फिरायला हवं होतं, असं काहीबाही बोलले. चोराच्या उलट्या बोंबा. काकांनी ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. मग मी रडले.

तेवढ्यात बाहेरून पूजेची हाक आली. आता आली का पंचाईत. कुंकू लागलं की दसरा होईस्तोवर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही आणि परवा सकाळी परीक्षा. मी म्हटलं, कुंकू लावून टाकू आणि गुपचूप काम करू, देव काय कॅमेरा लावून बसलाय? काकांना ते अजिबात पटलं नाही. दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढलेल्या होडीची पूजा करत नाहीत, म्हणाले, आधी ती पाण्यात जायच्या लायक करायची. म्हणून माझ्या कॉम्प्युटरला हार पडला आणि काकांचा तसाच राहिला. ज्यानं त्यानं विचारलं. काकांना दसऱ्याचाच मुहूर्त हवाय, असं मी सगळ्यांना ठोकून दिलं. तसं खोटंही नव्हतं ते.

प्रसाद वाटून झाला आणि आम्ही दार लोटून बसलो. चित्र काढायची खिडकी मी उघडून दिली. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे, एकेका चौकोनात रंग भरायचा. ते जमण्यासारखं होतं. अडचण वेगळीच निघाली. कुठलं चित्र कितवं होतं, तेच काकांना आठवेना. हाताला ठाऊक होतं, पण विचारल्यावर हातही घाबरला. एकदा जाळ्याचं चित्र तिसरं म्हणाले, एकदा पाचवं. जागा चुकली की परीक्षेत हात चुकणार, हे दोघांनाही कळत होतं.

शेवटी मी वैतागून म्हटलं, काका, या पट्टीला होडी कशाला म्हणता हो तुम्ही?

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या वडिलांची छोटी होडी होती. तिच्यात पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कुठली वस्तू कुठे असायची, त्याच क्रमानं त्यांनी बटणं लावली होती. मग ते त्या होडीत चढले आणि मला एकेक सांगत गेले. सगळ्यात पुढे नांगर, म्हणजे वरची ओळ जागेवर धरून ठेवायचं बटण. त्याच्या मागे दोर, चौकोन एकत्र बांधायला. मग जाळं. यादीतून हवे तेवढेच कंटेनर गाळून काढायला. एक लहान आणि एक मोठा मासा, क्रम लावायला. तेच माझे ते दोन डाग! मग टोपली, कंदील, असं करत करत पाण्याचं पिंप, म्हणजे सेव्ह, कारण समुद्रात पाणी जपून ठेवायचं असतं. आणि सगळ्यात मागे सुकाणू, केलेलं चुकलं तर माघारी फिरायला. एकदाही अडखळले नाहीत. मी लिहून घेत होते आणि नाक ओढत होते.

होडी विकून वीसेक वर्षं झाली होती. विकायच्या दिवशी बापलेकांनी आपलं सगळं सामान उतरवून घेतलं, काका म्हणाले. बाप म्हणायचा, होडी दुसऱ्याला द्यायची ती मोकळी करून द्यायची. ज्याचं जाळं त्यानं आणावं.

नवमीला पाच चित्रं झाली. दसऱ्याला उरलेली सहा. सणाला ऑफिसात कोण जातं म्हणून आई करवादली आणि मग स्वतःच श्रीखंडाचा डबा भरून दिला, काकांसाठीही. नांगर मी काढला होता. काकांनी बघून विचारलं, हा नांगर हाय की खेकडा? मग तो स्वतःच नीट केला. दुपारी तीनच्या सुमारास पट्टी पुरी झाली. काकांनी हात ठेवला. नांगर, जाळं, मासे, पिंप. हात सरळ गेला, थबकला नाही. मग आम्ही त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, हार घातला. काकांनी मला सोनं दिलं, मी वाकून नमस्कार केला. त्या दिवसाइतकं मनापासून मी कुठल्याच देवापुढे वाकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्ची ओढून बसले. अमक्या तारखेनंतरचे कंटेनर काढा, म्हणाले. काढले. जुन्यापासून नव्यापर्यंत लावा. लावले. साहेबांचं वाक्य संपायच्या आत काम होत होतं. मी माझ्या टेबलाशी एकच पत्र चौथ्यांदा टाइप करत होते. मग साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे?  पोरखेळ आहे, असं म्हणून काकांना सुटता आलं असतं.

“साहेब, ते जाळं हाय,” काका म्हणाले. “मला इंग्लिश वाचता येत नाय. म्हणून आमची होडी काढली हाय.”

साहेबांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग त्यांनी त्याच्या शेजारच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे? मग पुढचं. अकराच्या अकरा विचारली आणि काकांनी सांगितली. शेवटी उठताना साहेब म्हणाले, गेटवर कोणीतरी तरणा माणूस बघावा लागेल. बस, तेवढंच. काकांनी पिंपाचं बटण दाबलं आणि यादी सेव्ह केली.

दोन वर्षांनी त्याच खुर्चीवरून ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, ढोकळा झाला. एसटीला अजून वेळ होता. काकांनी मला टेबलाशी बोलावलं. कस्टमाइझ उघडलेलं होतं, रीसेट दाबलेलं होतं आणि तोच जुना प्रश्न पडद्यावर उभा होता, बदल नक्की काढायचे का. मी नाही म्हणाले. ठणकावून नाही म्हणाले. असू दे की काका, नव्या माणसाला काय त्रास होणार आहे? आणि मला तरी?

“तूच दाब बाय,” ते हसून म्हणाले. “तुला सवय हाय.”

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मग मी ओके दाबलं. होडी गेली आणि फ्लॉपी, प्रिंटर, कात्री आले. काकांनी खुर्ची आत सरकवली, शाल पिशवीत कोंबली आणि एसटीला गेले.

दुसऱ्या दिवशी मी माझा कॉम्प्युटर उघडला तर माझ्या पट्टीच्या अगदी शेवटी तपकिरी ठिपक्यांचं सुकाणू बसवलेलं होतं. कधी बसवलं कोण जाणे, ढोकळा खाताना असेल. ते अजून तिथेच आहे. त्याच्यासाठी मी नवा कॉम्प्युटर घ्यायला दोनदा नकार दिलाय आणि सगळं ऑफिस मला हसतं. हसू दे. खंडेनवमीला मी अजूनही पंखे पुसते, कीबोर्ड झटकते, पडद्याला फडका मारते. आत मात्र हात घालत नाही.