वरूडची बिनपाण्याची बॅटरी

मे महिन्यात, भर दुपारी, वरूडच्या बाजारातल्या एका दुकानात बॅटरी फुटली. मेकॅनिक रफिकभाईंचा चेहरा भाजला. त्यांना अमरावतीला आणलं. उजवा डोळा वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

मी तेव्हा अमरावतीत एका दैनिकाचा बातमीदार होतो. संपादकांचा फोन आला.

"बिनपाण्याची म्हणून आपण जिचा फोटो छापला होता, तीच बॅटरी ना?"

"तीच."

"मग 'बोगस बॅटरी' हेडिंग लावू?"

"थांबा. आधी पाहतो."

ही लिथियम बॅटरी एका कंपनीने संत्र्याच्या बागेत ठिबकचा पंप चालवायला दिली होती. दावा असा, की हिला कधीच पाणी लागत नाही. जुन्या बॅटरीत अ‍ॅसिड असतं. उन्हाने त्यातलं पाणी उडतं, म्हणून झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर भरतात. वऱ्हाडात उन्हाळा लागला की सगळेच भरतात.

बॅटरीचे मालक प्रकाशराव दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते.

"बंद पडली होती का?"

"नाई जी. लय मस्त चालून राह्यली होती. बाग हिरवी होती. म्हनूनच भेव लागलं. हे बॅटरी उन्हानं सुकली त मी कुठं जाऊ?"

"पाणी लागत नाही, असं कंपनीने सांगितलं होतं."

"कंपन्या काय बी सांगतेत. बियान्यावालेबी म्हनत होते, कपाशीले बोंडअळी येत नाई."

आत रफिकभाईंच्या डोळ्यावर पट्टी होती. बोलणं सावकाश.

"म्या म्हनलं, प्रकाशभाऊ, हिले तोंडच नाई, पानी पाजू कुठून? ते म्हने, तोंड करा. केलं मंग. ड्रिलनं."

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"सर, ती सीलबंद असते. छिद्र पाडलं की आत शॉर्ट होतो, आग लागते."

"हे त्यांना सांगितलं होतं?"

"पाणी घालायचं नाही, एवढं सांगितलं होतं."

जळालेली बॅटरी पॉलिटेक्निकच्या एका प्राध्यापकांनी तपासली. ड्रिलचं छिद्र सोडून दोष सापडला नाही. दावा खरा होता. मी त्यांना पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. संपादकांना कळवलं.

पट्टी काढली, तेव्हा प्रकाशराव खाटेजवळ उभे होते. डॉक्टरांनी रफिकभाईंचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्यासमोर टॉर्च धरला.

"काय दिसतं?"

"आधी बत्ती त लावा, डॉक्टरसाब."

टॉर्च सुरू होता.